गोधडीवरचा बेंजो

ठाकुर्ली पूर्वेला कलावतीबाईंचं घर कुठे, असं कुणाही बेंजोवाल्याला विचारा. तो पत्ता सांगत बसणार नाही, हातातलं काम टाकून तुम्हाला थेट दारात नेऊन सोडेल. बाई स्वतः मात्र बेंजो वाजवत नाहीत. बेंजोच काय, कुठलंच वाद्य वाजवत नाहीत. आरतीला हातात झांजा दिल्या तर दुसऱ्या कडव्यालाच त्यांचा ताल सुटतो, हे त्यांचे यजमान सुधीरराव चारचौघांत हसत हसत सांगतात आणि बाई ते मनावर घेत नाहीत. त्यांचं काम ऐकण्याचं.

इकडचा बेंजो म्हणजे हातभर लांबीची लाकडी पेटी. वर तारा ताणलेल्या आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पत्तीने तार छेडायची, आणि आवाज स्पीकरमधून बाहेर. हळद असो, गणपती असो, ढोल-ताशांच्या वर चढून गाणं सांगायचं ते बेंजोने. दोन बेंजो शेजारी ठेवून एकच गाणं वाजवलं तरी एक गोड लागतो आणि दुसरा पत्र्याच्या डब्यासारखा. फरक सगळ्यांनाच जाणवतो, पण तो कशाचा ते सांगता येत नाही. कलावतीबाईंना येतं.

हा कान तयार झाला वागळे इस्टेटमध्ये. तिथल्या एका कारखान्यात लोखंड घासायची दगडी चाकं बनत आणि बाई सव्वीस वर्षं तपासणीला होत्या. लाकडी हातोडीने चाकाच्या कडेला हलकंच टोकायचं आणि ऐकायचं. चांगलं चाक खणखणीत बोलतं, आत तडा असेल तर बद्द वाजतं. तडा डोळ्यांना दिसत नाही, आणि तसं चाक मशीनवर चढलं की फुटतं आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर येतं. 'मी चाकं तपासत नव्हते, माणसांची तोंडं सांभाळत होते,' असं बाई म्हणतात. सव्वीस वर्षांत त्यांनी पास केलेलं एकही चाक फुटलं नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान आहे आणि तो लपवायची गरज त्यांना कधी वाटलेली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊ लागले तर म्हणाल्या, शाली घरात चार पडल्यात, हातोडी द्या.

बेंजोशी गाठ पडली त्याला आता सहा वर्षं झाली. तळमजल्यावर सिद्धेशचं बेंजो पथक सराव करायचं. सिद्धेश दिवसा कुरिअर कंपनीत कामाला आणि उरलेल्या वेळात पथकाचा मालक. बेंजो वाजवायची त्याची धाकटी बहीण श्रिया. गणपती आठ दिवसांवर आले आणि बेंजोतून काहीतरी फाटल्यासारखं ऐकू यायला लागलं. पोरांनी तारा बदलल्या, वायर बदलली, स्पीकरला शिव्या घालून झाल्या. तिसऱ्या दिवशी बाई हातोडी घेऊन खाली उतरल्या. पेटीच्या कडेकडेने टक टक करत गेल्या आणि डाव्या कोपऱ्यापाशी थांबल्या. "इथे चिरलाय." श्रियाने स्क्रू काढून बटणांची चौकट उचलली तर खाली केसाएवढी चीर. झालं, त्या दिवसापासून कल्याणपासून डोंबिवलीपर्यंत कुणी नवा बेंजो घेतला की तो आधी बाईंच्या घरी येऊ लागला.

परीक्षेचे नियम बाईंनीच केले. स्पीकरचं तोंड भिंतीकडे. बेंजो फरशीवर ठेवायचा नाही, कारण फरशी स्वतः वाजते. चौपदरी गोधडी घालून तिच्यावर ठेवायचा. कुणाचा बेंजो आहे ते सांगायचं नाही. बाई पाठ करून बसणार आणि त्या बोलेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. एवढ्या कडक परीक्षा आता दहावीच्याही होत नाहीत, असं सुधीरराव म्हणायचे आणि चपला घालून बाजारात जायचे.

गेल्या आषाढात सिद्धेशने पाच कारागिरांचे पाच बेंजो बघायला म्हणून मागून आणले. पथकासाठी नवा घ्यायचा होता आणि निवड बाईंनी करायची होती. पेट्यांवर एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या लावल्या. श्रिया गोधडीपुढे मांडी घालून बसली आणि प्रत्येकावर तीच चार ओळींची चाल वाजवत गेली. बाई पाठमोऱ्या.

पहिला ऐकून म्हणाल्या, "खाली बरा आहे, वर गेला की चिरकतो." दुसरा आळशी निघाला, बटण दाबल्यावर बोलायला वेळ लावायचा. तिसऱ्याला मात्र त्यांनी अर्धी चाल झाल्यावरच मान डोलावली. "हा बोलतो. ढोलाशेजारी उभा केला तरी बोलेल." चौथ्यात जोर होता, गोडवा नव्हता. आणि पाचव्याचा पहिला सूर निघाला तशी त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"मावशी, हा हाताला फार भारी लागतोय," श्रियाने नियम मोडला. "परत एकदा ऐका ना."

"हाताला लागतोय तर तू हाताने ऐक. मला कानाने ऐकू दे."

त्या उठल्या, गोधडीजवळ येऊन त्यांनी हातोडीने पेटीला तीन ठिकाणी टोकलं. बद्द. बद्द. बद्द. "तडा आहे," त्या म्हणाल्या. "फुटका आहे हा."

सिद्धेश हे सगळं मोबाइलवर काढत होता. निकाल लागल्यावर यादी वाचली. तिसरा निघाला कल्याणच्या दौलतचा, पाचवा कोलशेतच्या जेराल्डचा. दौलतचा ठेवून घेतला, बाकीचे परत गेले. व्हिडिओ मात्र परत आला नाही. बेंजोवाल्यांच्या जितक्या म्हणून ग्रुपवर जाता येईल तितक्यांवर तो गेला, आणि 'फुटका आहे हा' हे बाईंचं वाक्य पोरं एकमेकांना येता-जाता म्हणून दाखवू लागली.

जेराल्डला बाईंनी तोपर्यंत पाहिलंही नव्हतं. कोलशेतला खाडीच्या अंगाला त्याचं घर. उमेदीत होड्यांचं सुतारकाम केलं, आता अडुसष्टाव्या वर्षी वर्षाला दोन-तीन बेंजो करायचा. त्याचे बेंजो ठाण्यातच खपत. त्याची पद्धत त्याची स्वतःची होती आणि त्याबद्दल तो फार कुणाशी बोलायचा नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी बाईंच्या दारात साठीची एक बाई उभी राहिली. फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात क्रूस, एका हातात स्टीलचा डबा आणि दुसऱ्या काखेत चादरीत गुंडाळलेली लांबोडकी पेटी.

"मी कोलशेतवरून आलेली. जेराल्डची बायको, एमिलिया," ती म्हणाली. "भांडायला नाय आलेली हां बाय. तडा कुठे हाय तेवढा दाखवा, म्हणजे मी जाते."

बाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. एमिलियाने ग्लास एका दमात संपवला आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं.

"तीन वेळा फळी उघडली त्यांनी. भिंग लावून बघितली. काय गावला नाय. शेवटी अंदाजाने आतून एक पट्टी मारली. मी बोलते, तडा नसेलच. तर बोलतात, कलावतीबायचा कान खोटा नसतो, माझेच डोळे गेले. दोन वेळा चष्मा बदलून आणला. आता नवीन काय करायलाच घेत नायत. करवतीला तेल लावून माळ्यावर टाकलीय. तडा एकदा डोळ्याने दिसला ना, तर माणूस परत कामाला तरी बसेल."

बाईंना आवडलं ते. म्हणजे जेराल्डचा आपल्या कानावर एवढा विश्वास आहे हे आवडलं. माणसाचा स्वभाव, दुसरं काय. त्यांनी गोधडी घातली, बेंजो तिच्यावर ठेवला आणि हातोडीने टोकलं. पुन्हा बद्द. त्यांनी 'बघा' म्हणायला मान वर केली, तर सुधीररावांनी एमिलियाला गॅलरीत नेऊन आपली अळूची कुंडी दाखवायला घेतली होती. घरी आलेल्या प्रत्येक माणसाला ती कुंडी बघावीच लागते.

तडा खालच्या बाजूला असेल म्हणून बाईंनी पेटी दोन्ही टोकांना धरून उचलली आणि उलटी केली. मागच्या फळीला चार गोल भोकं होती. अशी भोकं त्यांनी दुसऱ्या कुठल्या बेंजोला पाहिली नव्हती. एका भोकातून डोकावलं तर आतून फळीलाच माइक चिकटवलेला. पेटी एका हाताने टोकाला धरून हवेत ठेवत त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने तिला टोकलं.

पेटी खणखणीत बोलली.

त्यांनी ती गोधडीवर ठेवून टोकलं. बद्द. उचलून टोकलं. खणखणीत. परत ठेवली, परत उचलली. मग मात्र त्या खाली बसल्या.

बाकीचे कारागीर आवाज वरून, तारांखालून उचलतात. जेराल्डने तो मागच्या फळीतून उचलला होता, आणि ती फळी बाईंनी चौपदरी गोधडीत दाबून धरली होती. हळदीला बेंजो गोधडीवर थोडाच ठेवतात? तो लोखंडी स्टँडवर असतो, मागून मोकळा. कारखान्यात नवी मुलगी आली आणि चाक टेबलावर ठेवून टोकू लागली की बाई तिच्यावर ओरडायच्या, मुली, खुंटीला टांग, आडवं पडलेलं चाक बोलत नाही. वर्षातून दहा वेळा तरी ओरडल्या असतील. आणि सव्वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट त्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या गोधडीवर विसरल्या होत्या. तडा कधी नव्हताच.

एमिलिया गॅलरीतून आत आली. "गावला का?"

आता वाचणाऱ्याने बाईंना लगेच पिंजऱ्यात उभं करू नये. सव्वीस वर्षांत एकही चूक न झालेल्या माणसाला चूक कबूल करायची सवय नसते. त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाही अनपेक्षित होतं.

"आता तडा नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी पट्टी मारली ना आतून, तिने काम केलं. आता छान बोलतोय."

एमिलियाने त्यांचे दोन्ही हात धरले आणि ती रडायलाच लागली. मग डबा उघडून मैद्याचे फुगे पुढे केले, सकाळी स्वतः तळलेले, लोण्यासारखे मऊ. सुधीररावांनी सहा खाल्ले. बाईंनी एक उचलला आणि तसाच बशीत ठेवला. जाताना एमिलिया म्हणाली, आता नाताळला यायलाच पाहिजे हां बाय, दोघांनी.

पुढचे तीन आठवडे बाई ठीक होत्या. म्हणजे ठीक दिसत होत्या. जेराल्ड कामाला बसला असेल, एमिलिया खूश असेल, पट्टीने कुणाचं काय बिघडतं, असं त्या स्वतःला समजावत होत्या. एवढ्यात दोन बेंजो परीक्षेला आले, आणणाऱ्यांना 'कंबर धरलीय' असं सांगून त्यांनी ते परत पाठवले. मग एका संध्याकाळी सिद्धेश मोबाइल नाचवत वर आला.

"मावशी, तुमची काय हवा आहे माहितीये? जेराल्डकाकांनी आतापर्यंत विकलेले सगळे बेंजो परत मागवलेत. अकरा जण देऊन पण आले. फुकटात आतून पट्टी मारून देणार बोलतात. हे ऐका." आणि त्याने जेराल्डचा आवाज ऐकवला, जाडसर, सावकाश. 'एवढी वर्षं मी लोकांना फुटके बेंजो दिले. कलावतीबायने सांगितला म्हणून कळला. सगळ्यांनी माफी करा आणि पेट्या आणून द्या.'

सिद्धेश गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं. मग सुधीररावांना म्हणाल्या, "मी उद्या कोलशेतला जाऊन येते."

"जा," सुधीरराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "मला वाटलं होतं, आठवड्यात जाशील. तू तीन आठवडे घेतलेस."

मग त्यांनी पेपर घडी घालून ठेवला.

"गॅलरीतून दिसत होतं मला. दोनदा उचललीस, दोनदा ठेवलीस. मला सुरातलं काही कळत नाही गं, पण तुझा चेहरा कळतो."

आणि अशा माणसाबरोबर अडतीस वर्षं काढली याचं त्या क्षणी बाईंना फार बरं वाटलं, आणि इतके दिवस गप्प बसला म्हणून रागही आला.

कोलशेतच्या घराच्या पडवीत अकरा बेंजो पालथे मांडले होते. सगळ्यांच्या मागच्या फळ्या निघालेल्या, शेजारी एकेक वाटीत त्याचे त्याचे स्क्रू. सडपातळ, उंच जेराल्ड जमिनीवर बसून लाकडाच्या पट्ट्या घासत होता. चार पेट्यांत त्या बसवूनही झाल्या होत्या. बाईंना पाहताच तो गुडघ्यावर हात टेकत उठला, खुर्ची पुसून पुढे केली, घरात हाक मारली.

"एमिलिया, बघ कोण आलाय. चहा टाक." मग बाईंकडे वळून म्हणाला, "तुम्ही नसता ना बाय, तर मरेपर्यंत लोकांच्या गळ्यात फुटका माल मारत राहिलो असतो. देवाने तुमचा कान माझ्यापर्यंत पोचवला."

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. खुर्चीत बसून हे बोलता येणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"जेराल्डभाऊ, तडा नव्हता," त्या म्हणाल्या. "तुमच्या एकाही बेंजोला तडा नाही. मी तो गोधडीवर ठेवून ऐकला. तुमची मागची फळी बंद पडली आणि मला वाटलं पेटी फुटली. चूक माझी."

एमिलिया दारात येऊन थांबली होती.

"आणि एमिलिया आलेली तेव्हा मला हे कळलं होतं. मी पेटी हवेत धरून बघितली होती. तरी मी पट्टीचं नाव पुढे केलं. पहिली चूक कानाची झाली. दुसरी कानाची नाही."

जेराल्ड खाली बसला. एक स्क्रू उचलून त्याने तो वाटीत टाकला, मग दुसरा. शेवटी डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याने हातात धरला.

"चार महिने मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे फेऱ्या मारल्या," तो म्हणाला. "ते बोलायचे, तुमच्या डोळ्यांना काय झालेलं नाय. मी त्यांना खोटा बोललो." आणि उठून घरात निघून गेला.

बाईंना वाटलं, आता निघावं. एमिलिया त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग होता हे उगाच नाकारण्यात अर्थ नाही. पण तिने चहाचा कप आणून हातात दिला. "बसा," ती म्हणाली. "राग आला की ते आत जातात. चहा झाला की बाहेर येतात. मला यायला थोडा टाइम लागेल."

चहा झाल्यावर जेराल्ड खरंच बाहेर आला. "रविवारी या," तो म्हणाला. "आषाढातले बाकीचे चारही बेंजो घेऊन या. इथे स्टँडवर लावू. तोपर्यंत मी माझ्यातली पट्टी काढून ठेवतो."

रविवारी सिद्धेश आणि श्रिया टेम्पोतून चार बेंजो, स्पीकर आणि लोखंडी स्टँड घेऊन आले. दौलतचा बेंजो पथकाकडेच होता, बाकी तीन कारागिरांनी आपापले परत दिले, कारण काय होतंय ते बघायची उत्सुकता सगळ्यांनाच होती. अंगणात नाताळच्या चांदण्यांचे बांबूचे सांगाडे पडले होते, ते बाजूला सारून जागा केली. आजूबाजूची पंधरा-वीस माणसं जमली. अकरा बेंजोंच्या मालकांपैकी सहा जण आले होते.

"आधी मोबाइल काढ," बाई सिद्धेशला म्हणाल्या. "त्या दिवशी काढलास तसा. आणि तो जिथे जिथे पाठवलास तिथे हाही पाठव." मग त्यांनी आधी पडवीत जे सांगितलं होतं ते सगळं मोबाइलसमोर पुन्हा सांगितलं, गोधडीसकट आणि पट्टीसकट. कुणी हसलं नाही. पडवीच्या पायरीवर बसलेल्या जेराल्डने एकदा मान हलवली.

मग परीक्षा. चिठ्ठ्या नव्याने लावल्या, क्रम बदलला, बाई आंब्याच्या झाडाकडे तोंड करून बसल्या आणि श्रिया वाजवायला लागली. मोकळ्या हवेत, स्टँडवर, पाचांचीही बोली वेगळी लागत होती. पहिला चिरकला. दुसऱ्याचा सूर निघताच बाईंच्या अंगावर काटा आला, इतका तो खोल आणि भरलेला होता. प्रत्येक सुरामागे थोडी ऊब राहत होती, पाहुणे गेल्यावर घरात त्यांचा वावर राहतो तशी. हाच जेराल्डचा हे त्यांना पाठमोऱ्याही कळलं. चौथा दौलतचा. तोही कळला, कारण तो अजूनही तसाच बोलत होता, स्वच्छ, प्रत्येक सूर सुटा, ढोलाशेजारी उभा केला तरी हरवणार नाही असा. पाचवा झाला आणि श्रियाने पत्ती खाली ठेवली.

सगळ्यांना काय ऐकायचं आहे हे बाईंना न बघताही कळत होतं. एमिलिया श्वास धरून उभी असेल. सहा मालक, शेजारी, सिद्धेशचा मोबाइल. एका शब्दात सगळं फिटलं असतं, आणि तो शब्द फारसा खोटाही ठरला नसता, कारण दोघांत फरक केसाएवढाच होता. आपण या माणसाचं देणं लागतो, असं बाईंना मनापासून वाटत होतं. त्या डोळे मिटून दोन्ही बेंजो मनात पुन्हा ऐकत राहिल्या. मग वळल्या.

"चौथा पहिला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या नंबरच्या चिठ्ठीचा दुसरा."

सिद्धेशने यादी वाचली. चौथा दौलत. दुसरा जेराल्ड. एमिलियाने हात छातीशी घट्ट धरले होते, ते खाली सोडले. कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. बाई जेराल्डकडे बघत राहिल्या. दुसरीकडे बघणं त्यांना बरं वाटलं नसतं.

जेराल्ड पायरीवरून उठला, अंगण ओलांडून त्यांच्यासमोर आला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं.

"तुम्ही दया करून माझा पहिला बोलला असता ना बाय," तो म्हणाला, "तर मी आज परत सगळ्या फळ्या उघडून बसलो असतो."

मग तो स्टँडकडे वळला, दौलतच्या बेंजोपाशी वाकून त्याने कान जवळ नेला आणि श्रियाला म्हणाला, "हा परत वाजव गं. सावकाश वाजव. बघू तरी काय केलाय त्याने."